आमच्या दप्तरांतील एक जुनें खत

शिक्षकाच्या पेशांत आमचीं छत्तीस वर्षें गेलीं, आणि त्या छत्तीस वर्षांत 'विज्ञान : शाप कीं वरदान ?' ह्या विषयावरील निबंध आम्हीं किती तपासले असतील ह्याची मोजदाद आतां करवत नाहीं. विद्यार्थी बदलत, वह्यांचीं वेष्टनें बदलत, परंतु निबंध तोच असे. आरंभीं अग्नि आणि चाक, मध्यें आगगाडी आणि वीज, पुढें अणुबाँब, आणि अखेरीस 'विज्ञान हें दुधारी शस्त्र आहे' असा निर्वाळा. आम्हीही दहांपैकीं सहा गुण देऊन वही मिटीत असूं. लिहिणारानें विचार केलेला नसे आणि तपासणारालाही तो करावा लागत नसे. उभयतांची सोय होई.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडील बंधूंचा नातू सुटींत घरीं आला. तो पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. महाविद्यालयाच्या वार्षिकासाठीं लिहिलेला एक निबंध त्यानें आमच्यापुढें ठेविला आणि म्हणाला, "आबा, शुद्धलेखन तेवढें पाहून द्या. मजकूर मात्र बदलूं नका." विषय होता 'तंत्रज्ञान आणि बदलतें जग'. संवयीप्रमाणें आम्हीं तांबड्या शाईची लेखणी हातीं घेतली आणि अग्नि व चाक ह्यांची वाट पाहूं लागलों. परंतु पहिलेंच वाक्य होतें : 'आमच्या घरीं माळ्यावर एक पेटी आहे, आणि तिच्यांतला एकही कागद आमच्या घरांतील कोणासही वाचतां येत नाहीं.'

लेखणी हातांतच राहिली. हा निबंध वाचकांपुढें जसाच्या तसा मांडावयाचा आमचा विचार नाहीं. परंतु त्यांतील विचार आणि त्यामुळें आमच्या घरांत जें घडलें तें सांगावयाचें आहे. तशा पेट्या पुष्कळांच्या घरीं असतील, म्हणून हा खटाटोप.

आमचें मूळ गांव भीमाथडीचें. पणजोबांच्या वेळीं घरांत शेतीबरोबर थोडीबहुत सावकारी होती. ती आजोबांच्या काळीं बसली. मागें राहिली ती ओढ्याकाठची सात एकर काळी जमीन आणि लाल खारव्यांत बांधलेले कागदांचे तीन रुमाल. पुढें जमीनही गेली. १९४८ सालीं मुंबई राज्यांत कुळकायदा झाला, त्यांत १९५६ सालीं दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवसापासून कसणाऱ्या कुळास जमिनीचा धनी मानावें असें ठरलें. आमची सात एकर जमीन जें कूळ पिढ्यान् पिढ्या कसत आलें होतें, त्याच्या नांवावर ती चढली. वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते त्या वेळीं नऊ वर्षांचे होते. तलाठ्याकडून परत आलेले वडील ओसरीवर बसले आणि त्या रात्रीं जेवले नाहींत, हें त्यांस अद्याप आठवतें.

तेव्हांपासून आमच्या घरांत एक वाक्य रूढ झालें : 'पणजोबांनीं घाम गाळून केलेली जमीन कुळानें घेतली.' दिवाळीस चार माणसें जमलीं कीं तें एकदां तरी उच्चारलें जाई. आम्हीही तें लहानपणीं ऐकलें, मोठेपणीं म्हटलें आणि पुढच्या पिढीस दिलें. त्यास पुरावा काय, असें कोणीं विचारलेंच तर माळ्याकडे बोट दाखवावयाचें. पुरावा पेटींत होता. आणि पेटींतील कागद मोडींत होते.

आजोबा मोडी भरभर वाचीत. वडील अडखळत वाचीत. आम्ही शाळेंत गेलों तेव्हां मोडी अभ्यासक्रमांतून गेलेली होती. एके संध्याकाळीं वडिलांनीं पेटी खालीं काढून आम्हांस जवळ बोलाविलें आणि म्हणाले, "बैस, चार दिवसांत येईल." आमच्यापुढें तेव्हां लघुकौमुदी उघडी होती. "उन्हाळ्याच्या सुटींत शिकतों," असें आम्हीं सांगितलें. तसे उन्हाळे पुष्कळ आले आणि गेले. १९८९ सालीं वडीलही गेले. पाणिनीचीं सूत्रें ज्यास पाठ आहेत, त्याला स्वतःच्या आजोबांच्या हातचा हिशेब वाचतां येऊं नये, ह्यांत कांहीं चमत्कारिक आहे असें आम्हांस त्या वेळीं वाटलें नाहीं.

असें कां व्हावें, ह्याचा विचार ह्या विद्यार्थ्यानें निबंधाच्या दुसऱ्या भागांत केला आहे, आणि तो आम्हांस फार विचारणीय वाटला.

मोडी ही आपल्या व्यवहाराची लिपि. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत ह्यानें ती प्रचारांत आणिली, अशी परंपरागत समजूत आहे. आधीं कागदभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरांची माळ ओंवीत जावयाचें, अशी तिची रीत. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. लिहिणाराचा वेळ वांचावा हा तिचा हेतु. आणि कारकुनाच्या हातीं तिनें शतकानुशतकें तो वांचविलाही.

परंतु ज्या गुणामुळें ती हाताला सोयीची, तोच गुण छापखान्यास अडचणीचा ठरला. शिशाचा खिळा एकेका अक्षराचा, सुटा. आणि मोडीचें अक्षर शेजाऱ्याचा हात धरून चालणारें. प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण बालबोध खिळ्यांनीं छापलें, आणि १८१० सालीं मराठी कोश छापतांना मोडीचे खिळे वापरून पाहिले. पुढें मात्र छापखान्याचा कल बालबोधाकडेच राहिला. १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं शिळाछापावर पंचांग काढलें. त्याच वर्षीं मोल्सवर्थचा कोश बाहेर पडला. १८३२ च्या जानेवारींत बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' सुरू झालें. आणि १८६९ सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी खिळ्यास असें रूप आणिलें कीं, त्याच्यापुढें हस्ताक्षर फिकें पडावें. आमची सर्व संस्कृत विद्या निर्णयसागराच्या पुस्तकांवर झाली आहे. तेव्हां छापखान्याविरुद्ध बोलावयास आमची जीभ सहसा उचलत नाहीं.

कचेऱ्यांत आणि पेढ्यांत मोडी त्यानंतरही पुष्कळ वर्षें चालली. पण मुलाच्या हातीं येणारें पुस्तक बालबोध, वर्तमानपत्र बालबोध, पंचांग बालबोध, पोथी बालबोध. मग दुसरी लिपि शिकण्याचे श्रम कोणीं घ्यावे? छापाच्या शाईंत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत, तेव्हां गणपत कृष्णाजींनीं चरबीऐवजीं तूप घालून शाई केली, अशी हकीकत सांगतात. ह्यावर आमच्या नातवाचें म्हणणें असें : आपल्या पूर्वजांनीं शाईंतील चरबीची चौकशी केली, त्या शाईनें आपलें घरचें दप्तर आपणांसच परकें होईल कीं काय, ही चौकशी कोणीं केली नाहीं. नवें साधन घरांत येतांना आपण त्याला भलताच प्रश्न विचारतों, असें तो म्हणतो. येथें आम्हीं समासांत तांबड्या शाईनें 'विचार चांगला' असा शेरा दिला. पुढें काय येणार आहे ह्याची तोंपर्यंत आम्हांस कल्पना नव्हती.

आतां यंत्राची हकीकत. जगांतील लिप्यांच्या अक्षरांस संगणकांत क्रमांक नेमून देणारी युनिकोड नांवाची एक व्यवस्था आहे. तिच्यांत देवनागरीस १९९१ सालींच जागा मिळाली. मोडीस ती २०१४ सालीं मिळाली. ज्या छापयंत्रानें मोडी घराबाहेर काढिली, त्याच्याच वंशांतील यंत्रानें तिला पुनः घरांत घेतलें म्हणावयाचें. संगणकाला मोडी वाचावयास शिकविण्याचे प्रयोग सध्यां चालू आहेत. आमच्या नातवानें आणि त्याच्या दोघां मित्रांनीं तसाच एक लहान प्रयोग हातीं घेतला. पुण्यांत मोडीचे वर्ग चालतात. त्यांपैकीं एका वर्गास तो सहा महिने गेला. तेथील गुरुजींच्या आणि ओळखीच्या घरांच्या संग्रहांतून कांहींशें जुनीं खतें व पावत्या त्यानें मिळविल्या. प्रत्येक कागदाचें छायाचित्र आणि जाणत्यानें केलेलें त्याचें वाचन अशा जोड्या संगणकास दाखवीत गेलें म्हणजे, कोणत्या वळणास कोणतें अक्षर म्हणावें, आणि कोणत्या शब्दापाठीमागून कोणता शब्द बहुधा येतो, ह्याचा अंदाज तो बांधूं लागतो. त्याला मोडी कळते असें म्हणण्यापेक्षां त्याला मोडीची संवय होते, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

गणपतीच्या दिवसांत घरचे तीनही रुमाल सोडले गेले. चिरंजीवांनीं मोबाइलनें छायाचित्रें काढावीं आणि यंत्रानें उतारा द्यावा, असा क्रम दोन दिवस चालला. जावयाच्या मानपानाचा हिशेब, बैलाची खरेदी, वडिलार्जित भांड्यांची याद, असें एकेक निघूं लागलें आणि घरांतील बायकामुलें कामें टाकून भोंवतीं बसलीं. तिसऱ्या दिवशीं ओढ्याकाठच्या जमिनीचा कागद हातीं आला.

तें खरेदीखत नव्हतें, गहाणखत होतें. शके १७९३, म्हणजे इ. स. १८७१. आमच्या पणजोबांकडून १२५ रुपये कर्ज घेतल्याबद्दल त्याच कुळाच्या पूर्वजानें आपली सात एकर जमीन गहाण लिहून दिली होती. खालीं त्याची सही नाहीं. नांगराचें चित्र आहे आणि शेजारीं कारकुनानें लिहिलें आहे, 'निशाणी नांगर'. पाठीमागें सात भरणे मांडले होते. शेवटचा शके १८०४ चा, म्हणजे इ. स. १८८२ चा, आणि त्याच्याखालीं एक ओळ. ती यंत्रानें अशी वाचली : 'मुद्दल व व्याज मिळून बाकी राहिली असे.'

दादांनीं सुस्कारा टाकला. "झालें तर," ते म्हणाले, "खरेदी नसेल, पण कर्ज फिटलें नाहीं म्हणून जमीन आपल्याकडे राहिली. त्यांत लबाडी कसली ?" आमचाही जीव खालीं पडला, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु ज्यानें यंत्र शिकविलें, त्याचेंच समाधान होईना. 'असे' हा शब्द जेथें असावयाचा तेथें कागदास कसरीनें खाल्लेलें एक भोंक होतें. शब्द तेथें नव्हताच. यंत्रानें तो भरून काढला होता, आणि भरून काढला आहे अशी खूण कोठेंही केली नव्हती. नातवानें तो कागद पुण्यास गुरुजींकडे नेला. त्यांनीं तो खिडकीशीं उजेडासमोर धरून भिंगांतून बराच वेळ पाहिला आणि सांगितलें : भोंकाच्या अलीकडे एका अक्षराचा पाय शिल्लक आहे आणि पलीकडच्या कडेवर वेलांटीचें टोक दिसतें. 'असे' ह्या शब्दांत वेलांटी नाहीं. 'नाही' ह्या शब्दांत आहे. म्हणजे ओळ होते ती 'बाकी राहिली नाही' अशी. तरीही त्यांनीं उतारा लिहून देतांना तो शब्द कंसांत घातला आणि पुढें प्रश्नचिन्ह केलें. वि. का. राजवाड्यांसारख्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेले कागद छापले, तेव्हांपासून आपल्या संशोधकांची ही शिस्त आहे : जेथें अक्षर गेलें तेथें टिंबें द्यावीं, जेथें तर्क केला तेथें कंस घालावा. माणसानें आपल्या अज्ञानाची जागा दाखवून ठेविली. यंत्रानें ती झांकली.

यंत्रानें नेमकें 'असे' हेंच कां भरलें, ह्याचें जें उत्तर ह्या विद्यार्थ्यानें निबंधांत दिलें आहे, तें वाचून आम्हीं लेखणी खालीं ठेविली. जुनी रीत अशी कीं, कर्ज फिटलें म्हणजे सावकारानें खत फाडून ऋणकोस परत द्यावयाचें. मग सावकारांच्या घरीं दीडशें वर्षें जीं खतें जपून राहिलीं, तीं कोणतीं ? बहुतेक न फिटलेल्या कर्जांचीं. यंत्राला शिकविण्यास जे कागद मिळाले, ते सर्व अशाच घरांतले. फिटलेल्या कर्जाचीं खतें शेतकऱ्याच्या चुलींत गेलीं. यंत्राच्या दृष्टीस तीं पडलींच नाहींत. त्यामुळें 'बाकी राहिली' ह्यापुढें 'असे' येतें, अशीच त्याची संवय झाली. 'यंत्र खोटें बोललें नाहीं,' असें तो लिहितो, 'ज्यांच्या घरीं कागद होते, त्यांचीच बाजू तें शिकलें.'

आणि येथून तो १८७५ सालाकडे वळतो. त्या वर्षाच्या १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. खतें हिसकून घेऊन तीं जाळावीं, हा मुख्य उद्योग. सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा केला. शेतकऱ्याचा दस्त गांवच्या निबंधकासमोर व्हावा, त्याला भरण्याची पावती मिळावी, कोर्टानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासावा, अशा तरतुदी त्यांत होत्या. आम्हीं हा इतिहास शाळेंत शिकविला आहे. परंतु तो शिकवितांना खतें जाळणारे लोक अडाणी होते म्हणून त्यांनीं कागदावर राग काढला, असें आमच्या बोलण्यांत येई. ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं त्याच्या दृष्टीनें अक्षर हेंच यंत्र, आणि तें दुसऱ्याच्या हातीं आहे, हें आमच्या लक्षांत कधींच आलें नाहीं. नांगराचें चित्र काढणाराला आपण कशाखालीं तें काढलें हें ठाऊक नव्हतें. तें आमच्या पणजोबांस ठाऊक होतें. दोन पिढ्यांनंतर आम्हीही त्या नांगरवाल्याच्याच जागीं येऊन बसलों. आतां वाचणारें यंत्र आलें. आणि तें वाचतें तें बरोबर कीं चूक हें पाहणारा घरांत कोणी नसला, तर पुढची पिढीही तेथेंच बसणार.

गुरुजींचा उतारा घरीं आला तो रविवार होता. दुपारीं माजघरांत सर्व मंडळी जमली. दादांचा युक्तिवाद असा कीं, कर्ज फिटलें असतें तर खत फाडून परत दिलें गेलें असतें; तें अखंड आपल्या घरांत आहे, ह्याच अर्थीं कर्ज फिटलें नाहीं. नातू नम्रपणें म्हणाला, "दादाआजोबा, त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं आपण तें परत केलें नाहीं." त्यावर कोणीच बोलेना. मग वहिनी, ज्या अशा बैठकींत सहसा बोलत नाहींत, त्यांनीं विचारलें, "भरणे किती झाले, त्याची बेरीज कोणीं केली आहे का ?"

ती बेरीज आम्हीं केली. सात भरण्यांचे मिळून २६१ रुपये होत होते, मुद्दल १२५. आमच्या धर्मशास्त्रांत दामदुप्पटीचा नियम आहे. व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, म्हणजे एकंदर येणें मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये, हें मनुस्मृतींत सांगितलें आहे आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही तें मानलें होतें. हा नियम एके वेळीं मागावयाच्या रकमेस लागतो, हप्त्याहप्त्यानें दिलेल्या रकमेस तंतोतंत लागत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु मुद्दलाची दुप्पट २५० होते आणि त्याहून ११ रुपये अधिक आमच्या घरीं येऊन पडले होते, हें कसरीनें खाल्लेलें नव्हतें. भोंकांतील शब्द 'असे' असो वा 'नाही' असो, जें शास्त्र आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलों, त्याच्या मापानें तें कर्ज संपलेलें होतें. आणि तरीही जमिनीचा मूळ धनी त्यानंतर पाऊणशें वर्षें आपल्याच जमिनीवर आमचें कूळ म्हणून राबला. १९५७ सालीं त्यानें आमची जमीन घेतली असें आम्ही म्हणत होतों. कागद पाहतां ती त्याच्याकडे परत गेली, असें म्हणावें लागतें.

आमच्या हातून ह्यानंतर जें घडलें तें सांगण्यास संकोच वाटतो. पण सांगितलें नाहीं तर ह्या लेखास अर्थ राहणार नाहीं. त्या रात्रीं आम्हीं निबंध पुनः उघडला आणि घरच्या खताचा सर्व भाग तांबड्या शाईनें कंसांत घालून समासांत लिहिलें : 'हा मजकूर वगळावा. विषयांतर.' सकाळीं नातवानें तो पाहिला. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "आबा, यंत्रानें भोंक बुजवलें तें त्याला कळत नव्हतें म्हणून. आपणांस तर कळतें आहे."

छत्तीस वर्षांत कोणा विद्यार्थ्यानें आमची इतकी मोठी चूक आम्हांस दाखविली नव्हती. आम्हीं तो शेरा खोडला.

दिवाळीच्या सुमारास आम्ही, दादा आणि नातू असे तिघे गांवीं गेलों. ओढ्याकाठीं आतां त्या लोकांचा ऊंस उभा आहे आणि विहिरीवर विजेचा पंप आहे. घरांतील वडील गृहस्थ आमच्याहून दहा वर्षांनीं मोठे. त्यांस आम्हीं येण्याचें कारण सांगितलें आणि नातवानें खत मोठ्यानें वाचून दाखविलें. पुढची बाजू वाचली, पाठीमागचे सात भरणे वाचले, आणि शेवटची ओळ वाचतांना 'येथें भोंक आहे, शब्द बहुधा नाही असा आहे,' असें स्पष्ट सांगितलें. ते सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, पैकं फिटलं हुतं, असं आमचा आज्जा सांगायचा. पर कागुद तुमच्या घरी हुता. आमच्या सांगन्याला कोन पुसतंय ?" मग त्यांनीं नांगराचें चित्र कोठें आहे तें विचारलें आणि त्यावर बोट ठेवून थोडा वेळ तसेच बसले.

दादांनीं खत हातीं घेतलें. "रीत फाडून देण्याची आहे," ते म्हणाले. त्यांचा हात कांपत होता. नातू चटकन् पुढें झाला : "फाडूं नका, दादाआजोबा. तसाच द्या. फाडला तर पुढच्यांस कांहींच वाचतां येणार नाहीं." तसेंच केलें. सुमारें १४० वर्षांनीं तें खत ज्याचें त्याच्या घरीं गेलें. आमच्याकडे त्याचें छायाचित्र राहिलें. चहा झाला. जमिनीविषयीं त्यानंतर कोणी बोललें नाहीं; पावसाविषयीं आणि ऊंसाच्या दराविषयीं बोलणें झालें. परततांना मोटारींत दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वडिलांस हें वाचतां येत होतें का रे ?" ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. त्या संध्याकाळीं ते आम्हांस मोडी शिकवावयास बोलावीत होते, एवढेंच आम्हांस ठाऊक आहे.

वाचकहो, नव्या यंत्राचें स्वागत करावें कीं धिक्कार, हा प्रश्न आम्हीं आयुष्यभर मुलांस घातला. तो प्रश्नच चुकला होता असें आतां वाटतें. यंत्रें येतच राहणार. बोरू, शिळाछाप, खिळे, संगणक हीं सर्व आपल्या पायांनीं आलीं, तीं आपल्याला विचारून आलीं नाहींत. विचारावयाचें आहे तें हें कीं, ह्या यंत्रामुळें घरांतील कोणती विद्या उद्यां कोणास येईनाशी होणार आहे, आणि ती न येण्यानें कोणाचें बोलणें बंद पडणार आहे. तेवढी एक विद्या तरी घरांतल्या एकानें हातीं धरून ठेवावी. यंत्रास काम सांगावें, पण त्याचें काम तपासण्याइतकें ज्ञान घरांत असूं द्यावें. ज्यांच्या माळ्यावर मोडीचे रुमाल असतील त्यांनीं ते खालीं काढावे, त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, एखाद्या मुलास अगर सुनेस मोडीच्या वर्गास पाठवावें, आणि जें निघेल तें ऐकण्याची मनाची तयारी ठेवावी. हें शेवटचें सर्वांत कठीण आहे.

निबंधास आम्हीं दहांपैकीं नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला. आणि कार्तिकांत आम्हींही वही घातली. सुटीच्या दिवशीं नातू पुण्याहून येतो, कागदभर आडवी रेघ ओढून देतो आणि आम्ही तिच्याखालीं अक्षरें गिरवितों. आमचा हात अजून अक्षराअक्षराला थांबतो. बालबोधाची संवय जात नाहीं. गेल्या खेपेस त्यानें आमची वही तपासली, तेव्हां समासांत तांबडी शाई बरीच दिसत होती.